केस आधी, कात्री मागून
(कल्याण येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



ज्याने सारा जन्म खडू आणि फळा यांत घालविला, त्याने केशकर्तनावर बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. वडिलांची धोकटी थोरल्या बंधूंनी उचलली. आम्ही मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो. खरे सांगावयाचे तर घरच्या धंद्याचा उल्लेख चारचौघांत करण्यास आम्हांस संकोच वाटे. तो संकोच किती अनाठायी होता, हे आमच्या कन्येमुळे कळले.

तिचे केस कुरळे. साखरपुड्याच्या चार दिवस आधी एका दुकानात जाऊन तिने चित्र दाखविले व तसा 'लेयर कट' करवून घेतला. चित्रातील केस सरळ होते! कारागिराने केस भिजविले, ताणले आणि चित्राबरहुकूम कापले. ओले होते तोवर सारे ठीक दिसले. वाळताच वरचे थर आखडून कानांवर चढले. मुलगी आरशासमोर रडू लागली. आम्ही बंधूंकडे धाव घेतली. त्यांनी प्रथम कात्रीला हातच लावला नाही. एक बट बोटांत धरून ताणली, सोडली, ती किती वर जाते ते पाहिले. मग कोरड्या केसांवरच एकेक वळण न्याहाळीत टोके तेवढी जुळविली. म्हणाले, "गेलेली लांबी आणता येत नाही, आकार आणता येतो." साखरपुड्यास मुलगी हसतमुखाने बसली.

तेव्हा भगिनींनो, थरांची कापणी म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. वरचे केस आखूड व खालचे लांब ठेवून केसांचा भार कमी करावयाचा, हे तिचे मर्म. भार कमी झाला की केस उचलून येतात. परंतु प्रत्येकीच्या डोक्यावर भार सारखा नसतो.

एक केस शिवणाच्या दोऱ्याशेजारी ठेवून पाहावा. दोऱ्याहून पुष्कळ बारीक असेल तर केस नाजूक. जवळपास तेवढाच असेल तर राठ. भांग पाडल्यावर टाळू रुंद दिसत असेल तर केस विरळ. नाजूक व विरळ केसांना थोडे आणि लांबच थर द्यावेत. फार थर दिल्यास शेंडे उंदराच्या शेपटीसारखे होतात. दाट व सरळ केसांना थर मानवतात. मात्र केस राठ असल्यास आखूड थर कुंच्यासारखे उभे राहतात. नागमोडी केसांना लांब थर दिले की वळण खुलते. कुरळ्या केसांना थर नसतील तर ते खाली फुगून त्रिकोण होतो. म्हणून थर हवेत, परंतु वाळल्यावर केस आखडणार हे ध्यानी घेऊन लांबी राखावी, आणि दातेरी कात्रीने ते विरळ करू नयेत.

केसांइतकीच दिनचर्याही पाहावी. आपल्या लेकीसुना पहाटे उठून, डबे भरून कल्याणची लोकल गाठतात. ज्या कापणीस रोज यंत्राने केस वाळवून वळवावे लागतात, ती त्यांच्या काय कामाची? रोज वेणी घालणारीने आखूड थर टाळावेत. ते वेणीतून निसटतात. शिवाय आपल्याकडचा पावसाळा दमट. त्या हवेत नागमोडी व कुरळे केस फुगतात, म्हणून लांबी थोडी अधिकच असू द्यावी. केस महिन्यास सुमारे अर्धा इंच वाढतात. तीन इंचांची चूक भरून येण्यास सहा महिने लागतात, हे कात्री चालविणाऱ्याने व चालवून घेणारीने दोघांनीही स्मरावे.

1960 साली 'लव्ह इन सिमला' हा चित्रपट आला आणि घरोघरी 'साधना कट' शिरला. अभिनेत्री साधना यांचे कपाळ रुंद दिसे, म्हणून ती झालर कपाळावर आली. तिच्यामागे कारण होते. ज्यांचे कपाळ मुळातच अरुंद, अशा मुलींनीही ती पाडून घेतली! फॅशन उचलावी, पण तिचे कारणही विचारावे.

शेवटी आमच्या व्यावसायिक तरुणांना दोन शब्द. एके काळी आपल्या हातचा वस्तरा स्त्रीच्या मस्तकावर फिरे तो तिला विद्रूप करण्यासाठी. विधवेची इच्छा कोणी पुसत नसे. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी सभा भरविली आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार केला. पोटाची मिळकत सोडून केलेला तो निर्धार होता. आज तीच स्त्री आपल्या इच्छेने खुर्चीत बसते, तेव्हा तिला आधी विचारावे, तिचे केस हाताने जाणावेत, चित्र तिला शोभणार नसेल तर नम्रपणे नाही म्हणावे. एक गिऱ्हाईक जाईल, पण विश्वास राहील.

आम्ही चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाची बुद्धी निराळी असते हे शिकावयास वर्षे घेतली. आमचे बंधू ते वडिलांच्या दुकानात, मॅट्रिक न होताच शिकले होते. तो संकोच आज या व्यासपीठावर आम्ही टाकून देतो, आणि आपली रजा घेतो.