पायाखालची ऊब

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे हे गाव जमिनीखालच्या आवाजांसाठी ओळखलं जातं. अधूनमधून गडगडाट होतो आणि माणसं अंगणात धावतात. १० जुलै २०२४ च्या सकाळी तर या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. अशा वेळी कुणीतरी विचारतंच, ‘खाली एवढी आग आहे, तर तिच्यावर वीज का करत नाहीत?’

हा आवाज आगीचा नव्हे, ताणाखालचा खडक सरकल्याचा. पण खाली उष्णता आहे, हे मात्र खरं. साधारणपणे दर किलोमीटरला तापमान २५ ते ३० अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तापतं आणि वर येतं. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात उनकेश्वरला गरम पाण्याची कुंडं आहेत, ती अशीच.

वीज करायची तर पाणी दीडशे अंशांच्या आसपास तापलेलं हवं. म्हणजे चार-पाच किलोमीटर खोल जावं लागेल. आपला तीनशे फुटी बोअर शंभर मीटरही भरत नाही! शिवाय एका भोकातून पाणी सोडून दुसऱ्यातून तापलेलं वर काढायचं, तर मधल्या खडकात वाट हवी. कठीण खडकात ती नसते, म्हणून जोराच्या दाबानं पाणी घुसवून भेगा रुंद करतात.

खरी मेख इथंच आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात २००६ साली असं पाणी घातलं आणि ३.४ तीव्रतेचा धक्का बसला. काम थांबवावं लागलं. दक्षिण कोरियातल्या पोहांगला २०१७ साली सुमारे ५.५ तीव्रतेचा भूकंप झाला, माणसं जखमी झाली. तो अशाच प्रकल्पामुळे झाला, असा निष्कर्ष सरकारी चौकशीनं काढला.

मग आपण खोदूच नये का? खोदावं, पण आधी जाणून घेण्यासाठी. कोयना परिसरात गोठणे इथं भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक घेतलं गेलं. खडक, तापमान, ताण यांची मोजणी हीच पहिली पायरी. विजेची गोष्ट त्यानंतरची.

पाणाड्याच्या नारळावर भरवसा ठेवून बोअर पाडला, तर फार तर पैसे बुडतात. इथं चूक झाली, तर गावाच्या भिंतींना तडे जातील. म्हणून जिथली जमीन आधीच बोलते आहे, तिथं यंत्र लावण्याआधी तिचं ऐकून घ्यावं आणि तिच्यावर राहणाऱ्यांचंही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)