डाळिंबाची साल आणि स्वयंपाकघरातील तेल

(संस्थेच्या वार्षिक सभेत आहारशास्त्र विभागाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाच्या अहवालात शस्त्रक्रिया, खाटा आणि यंत्रसामग्री यांची माहिती विस्ताराने येते. स्वयंपाकघराच्या वाट्याला सहसा दोन ओळी येतात. आज आम्ही तेलाच्या डब्याविषयी बोलणार आहोत, त्याला तसेच कारण आहे. तेलाच्या रूपाने देणगी देणाऱ्या काही सुहृदांनी आमच्यापुढे एक सूचना ठेवली. डाळिंबाच्या सालीत तेल टिकवणारी द्रव्ये असतात. आपल्याकडे रुग्णांसाठी रस काढला जातो आणि साली टाकून दिल्या जातात. मग त्याच वाळवून, दळून तेलात का घालू नयेत? तेल टिकेल, तळणीचे तेल पुन्हा पुन्हा वापरता येईल आणि खर्चही वाचेल. सूचना सद्भावनेची आहे. तिचा पूर्वार्ध शास्त्राच्या कसोटीला उतरतो, उत्तरार्ध उतरत नाही. प्रश्न आजारी माणसाच्या जेवणाचा असल्याने या दोहोंतील फरक नीट उलगडून सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तेल खवट होण्याची क्रिया हवेतील प्राणवायूमुळे घडते. तेलातील असंतृप्त स्निग्धाम्लांच्या साखळीतून हायड्रोजनचा एक अणू निसटला की त्या जागी प्राणवायू जोडला जातो, पेरॉक्साइड तयार होते, आणि हा नवा अस्थिर रेणू शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी ही माळ वाढत जाते. पुढे पेरॉक्साइडे फुटून अल्डिहाइडे निर्माण होतात. खवट वास येतो तो त्यांचा. वास येण्यापूर्वीच तेलाचा ऱ्हास सुरू झालेला असतो, हे विशेष लक्षात घ्यावे. करडई आणि सूर्यफुलाच्या तेलांत सामान्यतः विपुल असलेले लिनोलेइक आम्ल हे शेंगदाणा तेलातील ओलेइक आम्लापेक्षा सुमारे दहापट वेगाने प्राणवायूशी संयोग पावते. खोबरेल तेल बहुतांशी संतृप्त असल्याने बराच काळ टिकते. तिळाच्या तेलाला सेसमॉल आणि त्याच्या भाईबंदांचे उपजत संरक्षण लाभलेले आहे. आपल्या आजीबाईंना ते नाव ठाऊक नव्हते, गुण मात्र ठाऊक होता.

प्रतिऑक्सिडीकारक द्रव्य या माळेत मध्येच उभे राहते आणि स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकते. ते दिल्यानंतर त्याचा उरलेला रेणू तुलनेने शांत राहतो, म्हणून साखळी तेथे थांबते. एकदा खर्ची पडलेला रेणू पुन्हा कामाला येत नाही. तेलात मुळातच असलेले ई जीवनसत्त्व हेच काम करते. शुद्धीकरणात त्याचा काही अंश निघून जातो. ती उणीव भरून काढण्यासाठी टीबीएचक्यू यांसारखी कृत्रिम द्रव्ये वापरतात. आपल्या देशात त्याची मर्यादा एका किलो तेलास २०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे १५ किलोच्या डब्यात फार तर ३ ग्रॅम.

या कृत्रिम द्रव्यांच्या जागी वनस्पतिजन्य द्रव्ये आणण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. रोझमेरी या वनस्पतीच्या अर्काला युरोपीय संघाने २०१० मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे या दृष्टीने सर्वांत आशादायक टाकाऊ पदार्थ कोणता असेल, तर तो डाळिंबाची साल होय. डाळिंबाच्या उत्पादनात महाराष्ट्र देशात अग्रेसर आहे. सांगोला, पंढरपूर, सटाणा, मालेगाव ही नावे आपल्या परिचयाची आहेत. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापूरजवळ स्थापन झाले. फळाच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग साल आणि आतील पापुद्रे यांनी व्यापलेला असतो. तिचा तुरटपणा हे टॅनिनांचे लक्षण. प्युनिकॅलाजिन आणि एलॅजिक आम्ल ही त्यांतील प्रमुख नावे. कीड आणि बुरशी यांपासून फळाला राखणारी ही द्रव्ये आहेत. आयुर्वेदाने अतिसारावर आणि रंगाऱ्यांनी कापडावर या सालीचा उपयोग पूर्वापार केला.

म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये सालीच्या आणि बियांच्या अर्कांची तुलना प्रसिद्ध केली. सालीचा अर्क कितीतरी प्रभावी ठरला. पुढे २००८ मध्ये पाकिस्तानातील संशोधकांनी सूर्यफुलाच्या तेलात सालीचा अर्क घालून, तेल मुद्दाम उष्ण ठेवून, पाहणी केली. दशलक्ष भागांत सुमारे ८०० ते ८५० भाग अर्काने केलेले रक्षण बीएचटी या कृत्रिम द्रव्याच्या कायदेशीर मर्यादेइतक्या मात्रेशी तुल्य ठरले. आपल्या १५ किलोच्या डब्याला हे प्रमाण १२ ग्रॅमच्या आसपास येते. टाकून दिलेल्या सालीतून निघालेले बारा-तेरा ग्रॅम द्रव्य एवढे काम करते, याचे आम्हांलाही अप्रूप वाटते.

परंतु हे प्रमाण अर्काचे आहे, घरी दळलेल्या पुडीचे नव्हे. म्हैसूरच्या प्रयोगात सर्वाधिक प्रभावी ठरलेला अर्क मिथेनॉलने काढलेला होता, आणि मिथेनॉल हे विष आहे. खाद्य उपयोगासाठी पाणी किंवा इथेनॉल वापरून अर्क काढणे, तो पूर्ण कोरडा करणे, त्यातील घटकांचे प्रमाण दर वेळी मोजणे आणि त्यास शासकीय मान्यता असणे, एवढे सोपस्कार आवश्यक आहेत. पुडीतील ओलावा तेलात गेला तर तळताना स्निग्धाम्ले सुटी होतात आणि तेल लवकर बिघडते. आणखी एक गोष्ट बागायतदारांना तत्काळ पटेल. डाळिंबावर तेल्या नावाचा जीवाणुजन्य रोग पडतो. फळावर तेलकट डाग येतात म्हणून हे नाव. त्यावर तांबेयुक्त औषधांची फवारणी करतात. तांबे तर तेलाच्या खवटपणाला अत्यंत वेग देणारा धातू आहे. त्याचा अंश सालीवर राहिला, तर तेल राखण्यासाठी घातलेली पुडी तेल नासवू लागेल! तांब्यापितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात तेल ठेवू नये, यामागचे कारणही हेच.

राहिला तळणीच्या तेलाचा प्रश्न. कढईत तेल १८० अंशांच्या आसपास तापते, अन्नातील पाणी वाफ होऊन त्यातून जाते आणि हवेशी संबंध अखंड राहतो. अशा वेळी टिकवणारे द्रव्य झपाट्याने खर्ची पडते. काही कृत्रिम द्रव्ये तर वाफेबरोबर उडूनच जातात. बिघडलेल्या तेलाला पूर्वस्थितीत आणण्याचे सामर्थ्य कोणत्याही सालीत नाही. तळलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपुढे गेल्यास ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. असे तेल जैवइंधनासाठी देण्याची योजनाही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाली.

ज्यांचे रुग्ण घरी पथ्यावर आहेत त्यांना एक विनंती. तळणीतील उरलेले तेल नव्या तेलाच्या बरणीत ओतू नये. जुन्या तेलातील पेरॉक्साइडे नव्या तेलाला विरजणासारखी लागतात. काटकसर करायचीच असेल तर कढईत तेल थोडे घ्यावे. कर्करोगावरील औषधे चालू असलेल्या कित्येक रुग्णांना वास सोसत नाही. त्यांनी ताट दूर सारले तर हट्ट आहे असे न समजता, एकदा तेलाची बरणी हुंगून पाहावी.

सालीच्या अर्काबाबत आमचा निर्णय असा आहे. मान्यताप्राप्त आणि प्रमाणित अर्क घातलेले तेल बाजारात रास्त दरात मिळू लागल्यास ते आम्ही आनंदाने घेऊ. तोवर आमच्या स्वयंपाकघरात साल तेलात जाणार नाही. ती खतासाठीच जाईल. ज्या देणगीदारांचा फळप्रक्रियेचा व्यवसाय आहे, त्यांनी आपल्याकडील साल स्वच्छ वाळवून संशोधन संस्थांना उपलब्ध करून दिली, तर तिचे खरे चीज होईल.

तेलाची देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी एकाच सणाला अनेक डबे न देता, कोणत्या महिन्यात किती डबे लागतील याची विचारणा कोठी विभागाकडे करावी. डबा सीलबंद असावा, शक्य तेथे लहान असावा, आणि त्यावरील उत्पादनाची तारीख घेतानाच पाहावी. आमची कोठी उत्तरेकडील अंधाऱ्या खोलीत आहे. आधी आलेला डबा आधी उघडतो. दुपारच्या भोजनानंतर कोणीही येऊन ती पाहू शकेल.