पडद्यापलीकडचा डॉक्टर

नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने 'ई-संजीवनी' सेवा सुरू केली. पुढे टाळेबंदीच्या काळात, मार्च २०२० मध्ये, दुरून औषधोपचार करण्याचे नियमही जाहीर झाले. त्या दिवसांत घरात अडकलेल्या असंख्य रुग्णांना या सोयीचा आधार मिळाला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. समाजवाद्यांचे यंत्राशी भांडण नाही. ते यंत्र कोणाच्या जागी आणून बसवले जाते, एवढाच प्रश्न आहे.

शहरातील सुखवस्तू माणसाला पडदा ही सोय आहे. शंका उरली तर तो संध्याकाळी दवाखाना गाठतो. दुर्गम पाड्यावरील स्त्रीला मात्र पडदा हाच दवाखाना ठरू पाहत आहे. सुजलेल्या पायावर बोट दाबल्यावर खळगा उरतो की नाही, पोट चाचपताना ती नेमकी कुठे कळवळते, हे पडद्यावरून कसे कळावे? शिवाय घरातला मोबाइल बहुधा नवऱ्याच्या हातात असतो. त्याच्यासमोर ती अंगावरून जाण्याची तक्रार सांगेल काय? 'ताप आहे' म्हणेल आणि गप्प बसेल.

उपकेंद्रातील परिचारिका रुग्णाला शेजारी बसवून दूरच्या डॉक्टरांशी बोलणे करून देते, तेव्हा हीच सेवा पुष्कळ उपयोगी पडते. कारण तिथे शिकलेला हात रुग्णाजवळ असतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ खेड्यांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची तपासणी शिकवली. त्या घरोघर जात, बाळाचे श्वास मोजत, वजन करीत, आईला समजावीत. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, असे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो. या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. पण त्या बाळाच्या उशाशी होत्या.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे तरी विसरता येणार नाही. ज्या समाजात स्पर्श नाकारणे हेच शतकानुशतके वरच्यांचे हत्यार होते, तिथे डॉक्टरने वस्तीत जाऊन मनगट हाती घेणे ही केवळ नाडीपरीक्षा नसते.

म्हणून कार्यकर्त्यांनी आरोग्य केंद्रात संगणक आला की नाही हे नंतर विचारावे. डॉक्टरांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती आणि मुक्कामाला कोण राहते, हे आधी विचारावे. आणि उत्तर लेखी मागावे.