क्षयरोग दिन आणि वर्गातलं भाषण



मार्च महिना आला की शाळेत बाई एखाद्या मुलाला सांगतात, "२४ तारखेला क्षयरोग दिन आहे, परिपाठात पाच मिनिटं बोल." मूल घरी येतं, मोबाइलवरून दोन पानं उतरवून घेतं, आई पाठ करून घेते. मग "पूज्य गुरुजनवर्ग" पासून सुरुवात होते आणि समोरचा वर्ग चुळबुळ करू लागतो. यात मुलांचा दोष नाही. हा विषय आपल्या गल्लीतला आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि हा दिवस तर एका भाषणाचाच आहे! २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख या डॉक्टरांनी जाहीर केलं की, क्षय एका जंतूमुळे होतो. तोवर हा रोग घराण्यातूनच येतो, असं मानणारे पुष्कळ होते. कॉख काही फर्डे वक्ते नव्हते. पण ते सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्या सोबत घेऊन आले होते. भाषणानंतर जमलेल्या डॉक्टरांनी ते जंतू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, अलंकारिक वाक्यं राहू द्या. वर्गाला काहीतरी दाखवा.

काय दाखवायचं? थुंकी तपासणीची झाकणाची डबी. सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडे चौकशी करा, एखादी रिकामी डबी बघायला मिळेल. वर्गात ती हातात धरून सांगा की, यात तोंडातली लाळ चालत नाही. खोल श्वास घेऊन, जोरात खोकून छातीतून आलेला बेडका लागतो. सकाळी उठल्या उठल्या घेतलेला उत्तम. लाळ दिली तर आजार असूनही तपासणीत सापडेलच असं नाही. मुलं आधी नाक मुरडतील, पण घरी जाऊन हेच सांगतील.

आता आपल्या सोलापूरकडे या. इथे घरोघरी विड्या वळल्या जातात, यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणले जातात. तंबाखूची धूळ, सुताची धूळ रोजचीच. त्यामुळे खोकला आला की "धुळीनं होतंय" म्हणून अंगावर काढणं फार सोपं. मला यातच खरा धोका दिसतो. धुळीचा खोकला आणि क्षयाचा खोकला कानाला सारखाच वाटतो. फरक तपासणीतच कळतो. तुमच्या भाषणाचा गाभा हाच असू द्या. आजीला मराठीपेक्षा तेलुगू किंवा कन्नड जवळची असेल, तर तेवढं एक वाक्य तिच्या भाषेत तयार करा.

भीतीही घालवा. क्षय खोकल्यातून, हवेतून पसरतो. हात मिळवल्यानं किंवा ताटाला ताट लावून जेवल्यानं नाही. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. नेहमीच्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिने चालतो. महिना-दोन महिन्यांत बरं वाटू लागतं आणि माणूस गोळ्या सोडतो. तिथेच जंतू औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. रुग्णाला सकस आहारासाठी सरकारकडून मिळणारी दरमहा ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली आहे, हेही सांगा.

पालकहो, मुलाचं भाषण आधी घरात सगळ्यांना बसवून ऐका. आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर २४ मार्चची वाट न बघता उद्याच जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या.