सूट आणि वटाव



जानेवारी आणि जुलैच्या सुमारास मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्सच्या दर्शनी काचांवर ठळक अक्षरांत पाट्या लागतात. सगळ्या कुटुंबाची पादत्राणे एका छताखाली, पन्नास टक्क्यांपर्यंत सूट, साठा संपेपर्यंतच. वडिलांचे कचेरीचे बूट, आईची सँडल, मुलांचे खेळाचे बूट, आजोबांच्या मऊ तळाच्या चपला, सारे एकाच मजल्यावर मांडलेले असते. प्रत्येक जोडावरची छापील किंमत खोडलेली असते आणि तिच्याखाली नवी लिहिलेली असते. पाच माणसांचे मध्यमवर्गीय कुटुंब पिशव्या भरून बाहेर पडते, तेव्हा किती खर्च झाला यापेक्षा किती वाचले याचाच हिशेब घरी पोचेपर्यंत चालतो. त्या कुटुंबाला हसण्याचे काही कारण नाही. महागाईत स्वस्त मिळेल तेथे घेणे हे शहाणपणच होय. परंतु अर्थशास्त्राला आणि समाजवादी चळवळीला येथे एक साधा प्रश्न विचारावाच लागतो. खोडलेली किंमत आणि नवी किंमत यांतील अंतर कोणाच्या खिशातून भरले जाते?

पादत्राणांचाच साठा एवढा मागे का राहतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. कापडाचा तागा हवा तेवढा फाडून विकता येतो; सदरा सैल झाला तर शिंपी तो आत घेतो. बुटाचे तसे नाही. पुरुषांच्या एका नमुन्याचे सहा ते अकरा नंबर धरले आणि रंग दोनच ठेवले, तरी बारा निरनिराळ्या वस्तू तयार ठेवाव्या लागतात. त्यांतले मधले नंबर आधी उचलले जातात; टोकाचे नंबर मागे उरतात. मग हंगाम बदलतो, नवा नमुना येतो. फळीवर पडून राहिलेला जोड जागेचे भाडे खातो आणि त्यात अडकलेल्या पैशाचे व्याजही खातो. एंगल्सने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्क्सच्या ‘भांडवल’च्या दुसऱ्या खंडात भांडवलाला आपला फेरा पूर्ण करण्यास लागणाऱ्या काळाचे विवेचन आहे; ते ज्याला ग्रंथातून अवघड वाटले असेल त्याने बुटांच्या दुकानातील मागची फळी पाहावी. तेव्हा असा सेल ही मुळात लबाडी नव्हे. कोणाच्या पायाला काय हवे हे ठाऊक नसताना आधी माल तयार करायचा आणि मग गिऱ्हाईक शोधायचे, या उत्पादनपद्धतीचा तो स्वाभाविक परिणाम आहे.

या परिणामाला एका व्यापाऱ्याने नियमाची शिस्त लावून पाहिली होती. अमेरिकेतील बॉस्टन शहरात एडवर्ड फायलीन यांनी आपल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात १९०९ च्या सुमारास उरल्यासुरल्या मालाचा एक विभाग उघडला. तेथील नियम सर्वांना ठाऊक असे. वस्तू मांडल्यावर विक्रीचे बारा दिवस झाले की किंमत २५ टक्क्यांनी उतरे, अठरा दिवसांनी ५० टक्क्यांनी आणि चोवीस दिवसांनी ७५ टक्क्यांनी. तीस दिवसांनंतरही ती उरली, तर धर्मादाय संस्थेला देऊन टाकली जाई. थांबावे की घ्यावे, हे गिऱ्हाइकाने ठरवायचे. फायलीन काही समाजवादी नव्हते; तोही नफ्याचाच व्यवहार होता, आणि तो माल अन्य कारखानदारांकडून त्यांच्या अडचणीच्या वेळी स्वस्तातच उचललेला असे. तरीसुद्धा एकदा माल दुकानात आला की पुढची जोखीम दुकानाची आणि तिचे वेळापत्रक जाहीर, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०११ मध्ये दिवाळखोरीनंतर ही दुकाने बंद झाली.

आपल्याकडील आजच्या सेलमध्ये या दोन्ही गोष्टींचा अभाव दिसतो. पहिली गोष्ट किमतीची. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यापेक्षा अधिक घेऊ नये, हा त्यामागील हेतू. परंतु ती किती असावी यावर पादत्राणांच्या बाबतीत कोणाचेही नियंत्रण नाही. ग्राहकाच्या रक्षणासाठी घातलेले छप्पर विक्रेत्याला हवे तितके उंच बांधता येते, आणि मग त्या उंचीवरून किंमत किती खाली आणली याची जाहिरात करता येते. वर्षभरात ज्या किमतीला एकही जोड विकला गेला नाही, तीच किंमत खोडून दाखवली, तर ती सूट केवळ कागदावरची ठरते. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशानुसार, २८ मे २०२२ पासून, सूट जाहीर करताना आधीच्या किमान तीस दिवसांतील सर्वांत कमी किंमत दाखवणे सक्तीचे केले. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वेही आहेत. पण अशी नेमकी मोजपट्टी त्यांत नाही.

दुसरी गोष्ट जोखमीची, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. मोठी दुकाने पुष्कळसा माल विकत घेतच नाहीत. विकला गेला तर पैसे, नाहीतर माल परत, या बोलीवर तो मांडला जातो. अशा व्यवहारात सेलमधील सुटीचा वाटा पुरवठादारानेही सोसायचा असतो. पुरवठादार तो भार आपल्या कंत्राटदारावर ढकलतो, कंत्राटदार लहान कारखानदारावर आणि लहान कारखानदार घरी बसून शिवणाऱ्यावर. प्रत्येक पायरीवर त्याचे स्वरूप बदलते. कोठे दर कापला जातो, कोठे माल नाकारला जातो, तर कोठे केवळ पैसे उशिरा दिले जातात. हा उशीरच सर्वांत कमी दिसतो आणि सर्वांत खोल कापतो.

तो पाहावयाचा असेल तर आग्र्याकडे वळले पाहिजे. देशातील चामडी बुटांच्या उत्पादनाचे ते एक प्रमुख केंद्र आहे. तेथील ‘हिंग की मंडी’ या बाजारात हिंगाऐवजी बुटांचा घाऊक व्यापार चालतो. घराच्या एका खोलीत बायकामुलांच्या मदतीने बूट तयार करणारे कारागीर आपला माल टोपल्यांत भरून तेथे आणीत आणि अडत्याला विकीत. पैसे रोख मिळत नसत. हाती पडे ती एक चिठ्ठी, जिला तेथे ‘पर्ची’ म्हणतात. दोन-तीन महिन्यांनी अमुक इतके रुपये मिळतील, एवढाच तिचा अर्थ. पण कारागिराला उद्याचे चामडे उद्याच घ्यायचे असते आणि चूल आजच पेटवायची असते. म्हणून तो ती पर्ची दुसऱ्या एका सावकाराकडे नेतो आणि वटाव कापून उरलेले पैसे घेतो. अनेक दशके चालत आलेली ही पद्धत अभ्यासकांनी वारंवार नोंदवली आहे.

उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहावा. पर्ची दहा हजारांची, मुदत तीन महिन्यांची, आणि वटाव महिना दोन टक्के धरला, तर सहाशे रुपये कापले जातात व हाती नऊ हजार चारशे येतात. नऊ हजार चारशेवर तीन महिन्यांत सहाशे, म्हणजे वर्षाला साडेपंचवीस टक्के व्याज झाले. आणि हे व्याज कर्जदार देत नाही. ज्याचे येणे आहे तो स्वतःच देतो! व्यापाऱ्याने उधारीवर माल घेतला, आणि उधारीचा खर्च मात्र विकणाऱ्याने भरला. मराठीत ‘सूट’ आणि ‘वटाव’ हे दोन वेगळे शब्द आहेत, ही भाषेची श्रीमंती होय; इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द आहे, आणि येथे तरी इंग्रजी नकळत सत्य बोलून जाते. शहरातील गिऱ्हाइकाला मिळणारी सूट आणि कारागिराकडून कापला जाणारा वटाव ही एकाच साखळीची दोन टोके आहेत. डिपार्टमेंट स्टोअरमधील प्रत्येक जोड हिंग की मंडीतूनच येतो, असे येथे म्हणावयाचे नाही. ज्याच्याजवळ भांडवल सर्वांत कमी त्याने सर्वांत अधिक थांबावे आणि थांबण्याची किंमतही त्यानेच द्यावी, हा नियम मात्र दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

हा नियम केवळ आर्थिक नाही. आग्र्यातील बूट शिवणारे बहुसंख्येने जाटव समाजाचे, कोल्हापुरी चप्पल घडवणारे चर्मकार समाजाचे. चामड्याला हात लावणे ज्यांच्यावर जातिव्यवस्थेने लादले, त्यांच्या हातात कसब आले. पण दुकान, गोदाम आणि पेढी मात्र इतरांकडेच राहिली. तारण नाही म्हणून बँकेत पत नाही, आणि पत नाही म्हणून पर्ची. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये त्याच घडणीच्या चपला श्रेयाचा उल्लेख न करता मांडल्या, तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. तो संताप योग्यच होता. तथापि येथील बाजारात त्याच कारागिराला पैसे कधी मिळतात, याविषयी तसा संताप क्वचितच दिसतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पाठ्यपुस्तकी अर्थशास्त्राचा आहे. ज्याला घाई आहे तो पूर्ण किंमत देतो, जो थांबू शकतो त्याला स्वस्त मिळते, त्यामुळे सेल हा गरिबाच्या हिताचाच असतो, असा तो युक्तिवाद. पण थांबू कोण शकतो? ज्याच्याजवळ पायात घालायला आधीच काही आहे तो. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये उघडतात. ज्या मुलाला बूट हवेत त्याला ते जूनमध्येच हवेत. जुलैतील सेल त्याच्या काय कामाचा? ज्या हमालाच्या चपलेचा अंगठा तुटला, त्याला त्याच दिवशी दुसरी हवी असते. म्हणूनच गरीब आई मुलाला एक नंबर मोठा बूट घेते, पुढे कापूस कोंबते आणि दोन वर्षे काढते. तिचा सेल तो एवढाच. हंगाम ओलांडून थांबण्याची सवड हीदेखील एक मालमत्ता आहे, आणि तिचे वाटप इतर मालमत्तेइतकेच विषम आहे.

शासनही या व्यवहाराबाहेर नाही. हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०२२ रोजी ५ वरून १२ टक्के करण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर तो पुन्हा ५ टक्क्यांवर आला. मधली पावणेचार वर्षे हा भार सर्वांत स्वस्त पादत्राणांवर राहिला. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे देण्याचे ठरवले. निर्णय स्वागतार्हच होता. त्यासाठी धरलेली रक्कम होती प्रत्येक विद्यार्थ्यामागे १७० रुपये! ज्या रकमेत टिकाऊ बूटही येत नाही आणि शिवणाऱ्याची रास्त मजुरीही बसत नाही, ती ठरवून शासनाने एक कायमचा सेलच उघडला, असे म्हणावे लागते.

कायदे नाहीत असे नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत. २०२३ च्या वित्त अधिनियमाने, १ एप्रिल २०२४ पासून, असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष दिले जाईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येणार नाहीत, अशी तरतूद केली. परंतु या साऱ्याचा लाभ ज्याची नोंदणी आहे, ज्याच्याजवळ बिल आहे, त्यालाच मिळतो. पर्ची हे बिल नव्हे. घरी बसून अपर शिवणारी स्त्री कोणत्या कायद्यान्वये कोणाला नोटीस देणार?

तेव्हा मागण्या दोन स्तरांवर मांडल्या पाहिजेत. सेलच्या पाटीवर मागील तीस दिवसांतील प्रत्यक्ष विक्रीची किमान किंमत छापणे सक्तीचे व्हावे. घरगुती कारागिरांची नोंदणी पंचायत व नगरपालिका पातळीवर व्हावी आणि खरेदीची प्रत्येक चिठ्ठी तारखेसह कायदेशीर देणे मानली जावी. नागरी सहकारी बँकांनी व पतसंस्थांनी ती रास्त दराने वटवून घ्यावी. वटाव खरेदीदाराच्या खात्यावर पडावा.

दुसरा स्तर सरकारकडे बोट न दाखवता चळवळीने स्वतः करावयाच्या कामाचा आहे. साठा उरतो तो पायाचे माप आधी ठाऊक नसते म्हणून. सहकारी संस्थेला आपले सभासद ठाऊक असतात. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने गटागटाने मागणी आधी नोंदवून एकत्रित खरेदी करण्याची पद्धत चालवून दाखवली आहे. तीच पद्धत बुटांना लावता येईल. मार्चमध्ये शाळाशाळांतून मुलांच्या पायांची मापे घ्यावीत, एप्रिलमध्ये चर्मकारांच्या सहकारी संस्थेकडे नंबरवार मागणी नोंदवून निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, जूनच्या पहिल्या आठवड्यात बूट वाटावेत. वाढत्या पायासाठी किती मोकळीक ठेवायची, हेही मापाच्या वेळीच ठरवता येईल. टोकाचा नंबर उरणार नाही, कारण तो कोणाच्या तरी पायासाठीच शिवलेला असेल. सूट द्यावी लागणार नाही आणि वटावही कापला जाणार नाही.

हे स्वप्नरंजन वाटत असेल, तर त्याच एडवर्ड फायलीन यांची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तळघरातील दुकान सुरू करण्यापूर्वी, १९०७ मध्ये, ते हिंदुस्थानात आले होते. १९०४ च्या कायद्याने येथे खेड्यांत सहकारी पतसंस्था निघू लागल्या होत्या. जामीन म्हणून शेजाऱ्याचा शब्द घेऊन गरीब शेतकऱ्याला कर्ज देणारी ती व्यवस्था पाहून ते प्रभावित झाले. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९०९ मध्ये पतसंस्थांचा कायदा केला, त्यामागे त्यांचा हात होता, आणि पुढे अमेरिकेतील पतसंस्था चळवळीचे ते आधारस्तंभ ठरले. त्यांच्या तळघराची नक्कल आपल्या बाजाराने अर्धीमुर्धी केली. त्यांनी आपल्याच खेड्यांतून जे नेले, ते मात्र आग्र्याच्या आणि कोल्हापूरच्या कारागिरापर्यंत पोचवणे अजून शिल्लक आहे. येत्या मार्चमध्ये एका तालुक्यातील दहा शाळांतून मापे घेऊन या कामाला आरंभ करता येईल.