स्प्रिंगला विसावा हवा काय?



माझा एक जुना विद्यार्थी पोलीस खात्यात नोकरीस आहे. सुटीवर निर्मलला आला म्हणजे तो आवर्जून घरी भेटावयास येतो. ह्या खेपेस तो एक प्रश्न घेऊनच आला. "सर, आमच्यातले जुने लोक सांगतात की, मॅगझिन कायम भरून ठेवू नये, आतली स्प्रिंग दबून दबून मरते. म्हणून मी दर आठवड्याला सगळ्या गोळ्या काढतो, रात्रभर स्प्रिंगला विसावा देतो आणि सकाळी पुन्हा भरतो. बरोबर करतो ना?" विचारताना तो हसत होता, पण पहिली गोळी सुटल्यावर दुसरी वर आली नाही तर काय होईल, ही काळजी काही हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती.

मॅगझिन म्हणजे काडतुसांची पेटी. तिच्या तळाशी एक लांब स्प्रिंग असते. काडतुसे वरून दाबून भरीत गेले की ती आखडत जाते आणि सगळ्या काडतुसांना सतत वर रेटीत राहते. पेटीच्या तोंडाशी आत वळविलेल्या दोन कडा वरच्या काडतुसाला अडवून धरतात. गोळी झाडली की बंदुकीतील सरकता भाग मागे जातो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुढे येतो. तेवढ्या अवकाशात पुढचे काडतूस वर आणून ठेवणे, हे त्या स्प्रिंगचे काम.

आता, जुन्या लोकांचा समज मुळीच वेडगळ नाही. तो आपण लाकडापासून शिकलो आहोत. काम संपले की धनुष्याची दोरी उतरवून ठेवावी, नाहीतर धनुष्य वाकलेलेच राहते, हा अनुभव फार प्राचीन आहे. पुस्तकांनी लादलेली फळी काही वर्षांनी मध्ये झोल खाते आणि पुस्तके काढली तरी पूर्ववत सरळ होत नाही. निर्मलची खेळणी लाकडाचीच. लाकडाचा स्वभाव इथल्या कारागिरांना कोणी शिकवावयास नको. परंतु ह्याच मुलखाला पोलादाचीही परंपरा आहे. गोदावरीपलीकडे, निझामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तेथे मुशीत तयार होणारे पोलाद विकत घेण्यासाठी इराणी व्यापारी येत, कारण त्यापासून नामांकित तलवारींची पाती घडत. हेन्री व्हॉयसी ह्याने केलेले तेथील भट्ट्यांचे वर्णन १८३२ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. तेव्हा लाकडाचा नियम पोलादाला लावण्यापूर्वी पोलादाचा स्वभाव पाहिला पाहिजे.

स्प्रिंगवर जितका भार, तितकी ती दबते किंवा ताणली जाते, हा नियम रॉबर्ट हूक ह्याने १६७८ साली मांडला. शाळेत आपण सर्वांनी वजने टांगून तो पडताळला आहे. ह्या नियमाला एक मर्यादा असते. मर्यादेच्या आत पोलादातील अणू आपली जागा न सोडता किंचित सरकतात आणि भार निघताच परततात. मर्यादा ओलांडली की अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात आणि स्प्रिंग कायमची आखूड होते. चांगल्या पोलादाची, नीट पाणी दिलेली स्प्रिंग मर्यादेच्या आत दाबलेली असेल, तर साध्या हवामानात तिच्यात कालांतराने पडणारा फरक फारच थोडा असतो आणि त्यातलाही बराचसा आरंभीच पडतो. म्हणून अनेक कारखान्यांत नवी स्प्रिंग पूर्ण दाबून घेतात. जी काय आखूड व्हावयाची ती तेथेच होते.

दाखला दारातच उभा आहे. जीपगाडी रात्रंदिवस आपल्या स्प्रिंगांवर उभी असते. स्प्रिंगांना विसावा मिळावा म्हणून रोज रात्री गाडी विटांवर चढवून ठेवणारा मनुष्य माझ्या तरी पाहण्यात नाही.

मग स्प्रिंगा थकतात कशाने? पुनःपुन्हा होणाऱ्या हालचालीने. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्होलर ह्या अभियंत्याने आगगाडीच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग केले आणि दाखविले की, एका वेळी सहज पेलणारा भार लाखो वेळा आलटूनपालटून दिला तर धातू मोडतो. ह्यालाच धातूचा थकवा म्हणतात. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या मोटारीच्या इंजिनात झडपेची स्प्रिंग मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे तासाला ९०,००० वेळा दबते. त्या मानाने आठवड्यातून एकदा मॅगझिन रिकामे करण्याने स्प्रिंग मोडणार नाही हे खरे. पण तिला त्याचा लाभही काही नाही.

तोटा मात्र आहे, आणि तो दुसरीकडे आहे. बंदुकीची हाताळणी जितकी अधिक, तितके अपघाताचे प्रसंग अधिक. मॅगझिन काढले म्हणजे बंदूक रिकामी झाली असे वाटते, पण एक गोळी नळीत राहून गेलेली असते. अशा विस्मरणाने माणसे दगावली आहेत. तसेच एकच काडतूस वारंवार नळीत चढविले तर त्याची गोळी पितळी नळकांड्यात मागे दबू शकते आणि झाडताना दाब धोक्याइतका वाढू शकतो.

ह्या उत्तरालाही अपवाद आहेत. हलक्या पोलादाची, किंवा थोड्या जागेत फार काडतुसे मावावीत म्हणून मर्यादेच्या काठापर्यंत दाबलेली स्प्रिंग काळाने ढिली पडू शकते. दुसऱ्या महायुद्धात स्टेन बंदुकीच्या ३२ गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये सैनिक दोनचार गोळ्या कमीच भरीत, ते गोळी अडकू नये म्हणून. शिवाय दोष पुष्कळदा स्प्रिंगचा नसतोच. वाकलेल्या किंवा फाकलेल्या कडा, गंज, धूळ, जुने चिकट तेल, ह्यांनीही काडतूस अडते.

म्हणून मी त्याला सांगितले, "बाबा रे, स्प्रिंगच्या विसाव्याची चिंता सोड. खात्याने घालून दिलेल्या वेळी, नळी तपासून, मॅगझिन उघड आणि स्वच्छ कर. त्याच जातीच्या नव्या स्प्रिंगशेजारी तुझी ठेवून पाहा. ती पुष्कळ आखूड झाली असेल, किंवा सरावाच्या वेळी गोळी अडू लागली असेल, तर दुरुस्तीची वाट न पाहता बदलून माग. स्प्रिंग स्वस्त आहे, तुझा जीव नाही."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे इतके दिवस रविवारची रात्र मी फुकटच घालविली!" मी म्हटले, "ती आता घरच्यांना दे. विसावा हवा तो तुला."