बिनइंजिनाचे विमान
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



व्यासपीठावर हे दोन मीटर लांबीचे पंख ठेवलेले पाहून काही पालकांच्या मनात आले असेल की, दहावीचे वर्ष तोंडावर आलेले असताना मुलांच्या हाती हे खेळणे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर आधी देत नाही. हे खेळणे बनते कसे आणि ते कोणाला इजा न करता उडवायचे कसे, एवढे सांगतो. मग तुम्हीच ठरवा.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. ते सदैव खालीच येत असते. फक्त इतके सावकाश येते की खाली येताना पुढे बरेच अंतर कापते. हवा शांत असेल तर समोरचे हे ग्लायडर सेकंदाला साधारण अर्धा मीटर उतरते. म्हणजे ६० मीटर उंचीवर सोडले, तर दोन मिनिटे हवेत राहील. त्याहून जास्त राहिले, तर ती हवेची मेहेरबानी.

आपल्या मुलांना मी नेहमी एक गोष्ट सांगतो. नवव्या शतकात स्पेनमधील कुर्तुबा शहरात अब्बास इब्न फिरनास नावाचा विद्वान राहत होता. अंगावर पिसे लावून आणि पंख बांधून तो काही अंतर हवेतून गेला, पण उतरताना त्याच्या पाठीला दुखापत झाली, असे अल-मक्करी या इतिहासकाराने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे. घटनेनंतर सुमारे सातशे वर्षांनी केलेली ही नोंद आहे, तेव्हा तिचा प्रत्येक शब्द खरा मानू नये. पण त्यात अपघाताचे जे कारण दिले आहे, ते मला फार मोलाचे वाटते. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो हे त्याच्या ध्यानात आले नाही आणि त्याने शेपटी बनवलीच नव्हती! पुढे १८०४ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज केली याने एका काठीवर पतंगासारखा पंख बसवला, मागे हलवता येईल अशी शेपटी लावली आणि ते हाताने सोडले. आपले आजचे ग्लायडर मुळात त्याच घराण्यातले आहे.

आता बांधणी. लाकूड बाल्सा. हे झाड दक्षिण अमेरिकेतले, मुख्यतः इक्वेडोरमधून येते. हातात घ्या, कापसाची पेळू घेतल्यासारखे वाटेल. नखाने खूण उठते, ब्लेडने कापता येते. पण सगळीकडे बाल्सा चालत नाही. पंखाच्या आतून टोकापासून टोकापर्यंत जाणारा कणा, ज्याला स्पार म्हणतात, तो स्प्रूस किंवा पाइनचा घ्यावा; कारण ग्लायडर वर खेचले जाताना सगळा ताण त्याच्यावर येतो. कण्यावर सहा-सात सेंटिमीटर अंतराने बाल्साच्या फासळ्या बसतात. सगळ्या फासळ्या एकसारख्या हव्यात. म्हणून त्या एकेक न कापता चळत करून, टाचण्या मारून एकत्र घासाव्यात. हे काम करताना मुले कंटाळतात. कंटाळू द्यावे. आमच्या गटातील एका मुलीने तीन रविवार नुसत्या फासळ्या घासल्या आणि तिचाच पंख सर्वांत सरळ निघाला.

नकाशा सपाट पाटावर अंथरावा, त्यावर प्लास्टिकचा कागद पसरावा आणि वरच जुळवणी करावी. पाट वाकडा तर पंख वाकडा. पंखाला पीळ पडला असेल, तर ग्लायडर सतत एका अंगाला कलते आणि उडवणारा बिचारा आपलाच हात चुकतो असे समजत राहतो. वरून पूर्वी टिश्यू कागद लावून डोप देत. आता इस्त्रीने चिकटवायची आणि तापवून ताणायची फिल्म मिळते. एक बाजू जास्त तापवली, तर सरळ पंखालाही पीळ पडतो. म्हणून काम झाल्यावर मागे उभे राहून, एक डोळा मिटून पंख पाहावा. आमचा सुतार चाचा दाराची चौकट जशी पाहायचा, तसा.

दोन्ही पंख टोकांकडे वर उचललेले दिसतात ते शोभेसाठी नव्हे. या ग्लायडरला दोनच सूत्रे आहेत: रडर, म्हणजे आपल्या होडीचे सुकाणू, आणि एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी आडवी पट्टी. रडर उजवीकडे वळवला की नाक उजवीकडे जाते, डावा पंख वाऱ्याला जास्त कोनात सामोरा होतो, म्हणून तो उचलला जातो आणि ग्लायडर उजवीकडे कलून वळते. पंख अगदी सपाट असते, तर नुसत्या रडरने हे नीट साधले नसते.

यानंतर तोल. पंखाची रुंदी २० सेंटिमीटर असेल, तर पुढच्या कडेपासून साधारण साडेसहा सेंटिमीटरवर, दोन बोटांच्या टोकांवर धरल्यास ग्लायडर आडवे राहिले पाहिजे. नकाशावर तोलाची जागा दिलेली असते, तीच प्रमाण मानावी. शेपटी जड झाली असेल, तर नाकात शिशाचा तुकडा घालावा. वजन वाढते म्हणून मुले का-कू करतात. पण नाकजड ग्लायडर वाईट उडते, आणि शेपूटजड ग्लायडर एकदाच उडते.

आता जे सांगतो ते पालकांनी विशेष लक्ष देऊन ऐकावे.

या ग्लायडरचे वजन सुमारे ९०० ग्रॅम आणि नेहमीचा वेग सेकंदाला आठ मीटर. त्या वेगाने ते कोणाला लागले, तर तेवढेच वजन सव्वातीन मीटर उंचीवरून अंगावर पडावे इतका मार बसतो. सूर मारताना वेग २० मीटर झाला, तर तोच मार २० मीटर उंचीवरून पडल्याइतका. वेग अडीचपट, मार सव्वासहापट. हे गणित आठवीचा विद्यार्थी करू शकतो, आणि मी प्रत्येकाकडून ते उडवण्यापूर्वी करून घेतो.

मी स्वतः मात्र ते एकदा विसरलो होतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आदल्या रात्री शेपटीची दुरुस्ती केली आणि एलेव्हेटरची तार चुकून उलट बाजूच्या भोकात बसली. सकाळी मैदानावर मुले जमली होती, वारा छान होता, आणि मला घाई होती. सोडल्यावर नाक थोडे खाली गेले, म्हणून मी स्टिक मागे ओढली. नाक आणखी खाली गेले. मी आणखी ओढली. एका विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ चटईवर बसून डबा खात होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर ग्लायडरचे नाक जमिनीत घुसले. मुलाला ओरखडाही आला नाही. त्याच्या आईने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. मुलाला उचलले, डबा उचलला आणि ती निघून गेली. तिने चार शब्द सुनावले असते, तर बरे झाले असते.

तेव्हापासून आमच्याकडे एक वही आहे. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने करायचे. आधी हातातला ट्रान्समीटर सुरू, मग ग्लायडरमधला रिसीव्हर. ग्लायडरच्या मागे उभे राहून स्टिक उजवीकडे: रडरची मागची कड उजवीकडे गेली का? स्टिक मागे: एलेव्हेटर वर गेला का? दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या आहेत का? ट्रान्समीटर कमी शक्तीवर ठेवून तीस पावले दूर जा: पट्ट्या न थरथरता हलतात का? पूर्वी २७ मेगाहर्ट्झच्या संचात दोघांचे क्रिस्टल सारखे निघाले, तर एकाचे विमान हमखास पडे. म्हणून मैदानावर वारंवारतेची चिमटी घेतल्याखेरीज कोणी संच सुरू करायचा नाही, असा नियम असे. आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचांना ती अडचण नाही, पण त्यामुळे माणसे निष्काळजी झाली आहेत, असे माझे मत आहे. संदेश तुटल्यास रडर किंचित वळलेला राहील अशी योजना रिसीव्हरमध्ये करून ठेवावी, म्हणजे ग्लायडर घिरट्या घालत जवळच उतरते.

पहिल्या दिवशी फक्त हाताने, गवतावर, वाऱ्याच्या तोंडाला, नाक आडवे ठेवून सोडावे. आकाशाकडे फेकू नये. वेग संपला की पंखाची उचल संपते आणि नाक कोसळते. जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल याने सुमारे २००० उड्डाणे केली होती, आणि १८९६ साली अशाच कोसळण्याने त्याचा प्राण गेला. भ्यालेला हात स्टिक मागे ओढतो, हा मनुष्यस्वभाव आहे. शिकायचे ते एवढेच की, घाबरल्यावर हात सैल सोडायचा. आणि ग्लायडर आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे दिसते, तेव्हा जो पंख खाली झुकला असेल त्याच बाजूला स्टिक न्यावी, म्हणजे तो उचलला जातो.

उंच चढवण्यासाठी रबरी नळी आणि नायलॉनची दोरी वापरतात. ताण ताणकाट्याने मोजावा. ग्लायडरच्या वजनाच्या तिप्पट-चौपट पुरे, म्हणजे तीन ते साडेतीन किलो. खरी भीती खुंटीची. खुंटी उपटली, तर ती रबरासोबत बाणासारखी आपल्याच दिशेने येते. म्हणून दोन फुटी लोखंडी खुंटी तिरपी ठोकावी, दोरीच्या रेषेत कोणी उभे राहू नये आणि सोडणाऱ्याने डोळ्यांना चष्मा लावावा. दोरीच्या जागी नायलॉनचा मांजा कदापि नको. त्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, आणि बंदी नसती तरी पक्ष्यांचे गळे कापणारी वस्तू मुलांच्या हाती देऊ नये.

विजेच्या तारा, रस्ता, वस्ती आणि विमानतळ यांपासून दूर जावे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार सरकारने हिरव्या, पिवळ्या, लाल क्षेत्रांचा नकाशा केला आहे. तो पाहिल्याशिवाय घराबाहेर पडू नये. ग्लायडर तारेवर अडकले, तर ते गेले असे समजावे. काठीने काढायला जाऊ नये. वीजमंडळाच्या माणसांना कळवावे.

मुलांनो, सकाळी दहाच्या सुमारास शेतावर घारी पंख न हलवता वर चढताना दिसतील. तिथे तापलेली हवा वर जात असते. तिच्याखाली ग्लायडर नेऊन हलके वळण घ्या. घार पळून जात नाही, कधी कधी जवळ येऊन पाहते. पण उंची बेतानेच ठेवा, कारण दूर गेलेल्या ग्लायडरचा कल कोणत्या बाजूला आहे हे डोळ्याला कळेनासे होते.

खर्चाबद्दल एवढेच सांगतो की, सर्वांत महाग वस्तू रेडिओ संच, आणि तो दहा जणांत एक पुरतो. एनसीसीच्या हवाई विभागात असलेल्या मुलांना विमानांच्या प्रतिकृतींचा अभ्यास असतोच. त्यांनी इतरांना शिकवावे. आणि मुलींना फक्त फिल्म चिकटवायला बसवू नका.

दर रविवारी फजरनंतर आम्ही मैदानावर असतो. ज्या पालकांना शंका असेल, त्यांनी मुलासोबत किंवा मुलीसोबत यावे. वही वाचायला आम्हाला नेहमी एक माणूस कमी पडतो.